सर्वांसाठी खुली बाग : पाहावी कशी, टिकते कशी

बँकेच्या ग्राहकांसाठी निघणाऱ्या नियतकालिकात बागांविषयीचा लेख कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु सर्वांसाठी खुली असलेली बाग ही जितकी सौंदर्याची, तितकीच व्यवहाराचीही गोष्ट आहे. झाड कोणी लावले हे फलकावर कधीकधी लिहिलेले असते. त्याला पाणी कोण घालतो आणि त्या पाण्याचे पैसे कोण भरतो, हे मात्र सहसा कोठेच लिहिलेले नसते. हे दुसरे ज्ञान ज्यास असते तो बाग अधिक चांगली पाहतो, असा माझा अनुभव आहे.

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये राहणाऱ्या कुटुंबांना उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मरोदा भागातील मैत्रीबाग येथून काही किलोमीटरवर आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली मैत्रीबाग आकारास आली. तलावातील नौकाविहार, मुलांची छोटी आगगाडी, संगीताच्या तालावर नाचणारे कारंजे, हिवाळ्यातील पुष्पप्रदर्शन आणि पांढरे वाघ ही तिची ओळख. येथील पांढरे वाघ देशातील इतर काही प्राणिसंग्रहालयांनाही देण्यात आले आहेत.

ही बाग कारखान्याने उभारली आणि सांभाळली, ही गोष्ट येथे महत्त्वाची. प्रवेशद्वारापाशी आपण जे तिकीट घेतो, त्यात वाघाचे एक वेळचे खाद्यही भागणार नाही. उरलेला भार दीर्घकाळ पोलादाच्या ताळेबंदाने वाहिला. म्हणजे भट्टीवर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराचा त्या हिरवळीत वाटा आहे. रविवारी आपल्या मुलांना घेऊन तो तेथे येतो तेव्हा एका अर्थाने तो स्वतःच्याच बागेत आलेला असतो. तथापि, एकाच मोठ्या संस्थेच्या खांद्यावर उभी असलेली बाग त्या संस्थेच्या सुकाळ-दुष्काळाशी बांधली जाते, हेही हिशेब ओळखणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

बागेचा खर्च भागविण्याच्या इतरही रीती आहेत. सुटीत गावाकडे जाताना येथील मराठी कुटुंबांची गाडी नागपुरावरून जाते. तेथील महाराजबाग ही मुळात भोसले राजांची. आज ती डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. राजाच्या विलासासाठी असलेली जागा कृषिशिक्षणाच्या व्यवस्थेकडे आली आणि सामान्य माणसास खुली राहिली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचा प्रकार निराळा आहे. ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही जुनी संस्था ती चालविते, आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तेथे भरणारे पुष्पप्रदर्शन पाहण्यास पुणेकर रांगा लावतात. अशा संस्थेला प्रदर्शन म्हणजे केवळ शोभा नव्हे. नवे सभासद, नवी रोपे आणि लोकांचा जिव्हाळा ती त्यातूनच मिळविते.

राणीच्या बागेचा हिशेब

परंतु या विषयात सर्वाधिक बोलकी कहाणी मुंबईच्या भायखळ्यातील राणीच्या बागेची आहे. ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने ही बाग १८६२ साली लोकांस खुली झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. प्रारंभी ती एका उद्यानप्रेमी संस्थेच्या देखरेखीखाली होती. १८७३ साली ती संस्था विसर्जित झाली आणि बाग मुंबई महापालिकेकडे आली. ती खाजगी हाती जाऊन तिचे तुकडे पडले असते, तर आज तेथे झाडे नव्हे, इमारती असत्या. सार्वजनिक निधीने ती तारली, असे म्हणावयास हरकत नाही.

बहुतेक पाहुणे तेथे प्राणी पाहण्यास जातात आणि झाडांच्या सावलीत डबा उघडून परततात. ज्या झाडांच्या सावलीत ते बसतात, ती झाडे हेच खरे वैभव. दोनशेहून अधिक जातींचे वृक्ष तेथे आहेत. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आपल्या फुगीर खोडात पाणी साठवून ठेवते. दक्षिण अमेरिकेतील कैलासपतीची फुले फांद्यांच्या टोकास न येता थेट खोडाला लगडतात आणि त्याची फळे तोफगोळ्यांसारखी दिसतात. ब्रह्मदेशातील उर्वशी हा तर वृक्षप्रेमींचा मानबिंदू. तिचे लालसर फुलोरे झुंबरांसारखे खाली लोंबतात. बागेच्या आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि त्याच्या बाहेर तो दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून घारापुरीस ‘एलिफंटा’ हे नाव मिळाले.

२००७ साली या बागेचे रूपांतर परदेशी धर्तीच्या प्राणिसंग्रहालयात करण्याचा मोठा आराखडा पुढे आला. जुन्या वृक्षांचे काय होणार, या चिंतेने नागरिक एकत्र आले. त्यांनी झाडांची माहिती गोळा केली, वारसा म्हणून बागेचे महत्त्व मांडले, आणि मूळ आराखडा पुढे बदलावा लागला. यात लक्षात घेण्याजोगे असे की, बागेची बाजू मांडण्यास पुढे आलेली माणसे तेथे वर्षानुवर्षे जाणारी होती. ज्यांनी उर्वशी फुलताना कधी पाहिलीच नव्हती, त्यांना तिच्याविषयी बोलण्यासारखे काय असणार?

२०१७ साली पेंग्विन पाहण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून प्रवेशशुल्क वाढले. प्रौढांसाठी पाच रुपयांचे तिकीट पन्नास रुपये झाले. आई, वडील व दोन मुले अशा कुटुंबास एकत्रित शंभर रुपये. दहापट वाढ म्हटली की कानांना टोचते. चित्रपटगृहाच्या तिकिटाशी तुलना केली तर ती अवाजवी वाटत नाही, आणि हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर शंभर रुपये म्हणजे एका वेळची भाजी, डाळ आणि दूध. माझे मत असे की, पिंजऱ्यापुढे उभे राहण्याचे शुल्क वेगळे असावे आणि झाडाखाली बसण्याचे शुल्क शक्यतो नाममात्र असावे. प्राण्यांचा खर्च खरोखरच मोठा असतो. सावलीचा खर्च त्या मानाने फार थोडा.

फाटक उघडते ते काही दिवसच

काही बागा वर्षभर खुल्या नसतात आणि त्यातच त्यांची मौज असते. दिल्लीतील राष्ट्रपती भवनाची बाग हे आपल्या देशातील सर्वांत ठळक उदाहरण. पूर्वी तिला मुघल गार्डन म्हणत. जानेवारी २०२३ पासून ती अमृत उद्यान झाली. वसंताच्या आरंभी ट्यूलिप आणि गुलाब भरात असताना काही आठवडे ती सर्वांसाठी विनामूल्य खुली होते. देशाच्या प्रथम नागरिकाच्या घराची बाग कोणीही पाहू शकतो, यात लोकशाहीचा एक शांत आविष्कार आहे.

इंग्लंडमध्ये हीच कल्पना साध्या घरांपर्यंत पोहोचली. तेथे घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी हवा होता. १९२७ साली ‘नॅशनल गार्डन स्कीम’ या नावाने एक योजना निघाली : ज्यांच्या घराभोवती चांगली बाग आहे त्यांनी ती लोकांस पाहण्यासाठी उघडावी आणि दर माणशी एक शिलिंग घ्यावा. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि आठ हजारांहून अधिक पौंड जमले. एका पौंडाचे वीस शिलिंग, म्हणजे सुमारे एक लाख साठ हजार शिलिंग. प्रत्येकाने एकच शिलिंग दिला असे धरले तर दर बागेमागे सरासरी दोनशे साठ माणसे. हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मला त्या यजमानांच्या हिरवळीचीच काळजी वाटली. ती योजना आजही चालू आहे. तिची पिवळ्या मुखपृष्ठाची पुस्तिका पाहून लोक आपले शनिवार-रविवार ठरवितात. बाग पाहावी, चहा-केक घ्यावा, यजमानाने वाढविलेले एखादे रोप विकत घ्यावे आणि परतावे, असा तिचा रिवाज.

पाहणाऱ्याने काय पाहावे

आपल्याकडील हवामानात फुलांची बाग पाहण्याचा काळ थोडा असतो. भिलाईत डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने खरे. मार्चच्या मध्यास ऊन तापू लागले की पिटुनिया आणि फ्लॉक्स माना टाकतात. पुढे बहावा आणि गुलमोहर हे वृक्ष उन्हाळा सांभाळतात. वेळ सकाळची निवडावी. उन्हात फुलांचे रंग फिके दिसतात, आणि मुख्य म्हणजे सकाळी माळी कामावर असतो. त्याच्याशी चार शब्द बोलल्यास जे कळते ते कोणत्याही फलकावर नसते.

उदाहरणार्थ, प्रदर्शनातील डेलियाचे फूल ताटाएवढे कसे होते? मधली एक कळी ठेवून बाजूच्या कळ्या लहान असतानाच खुडतात. झाडाची सारी शक्ती त्या एकाच फुलाकडे वळते. शेवंतीचे रहस्य याहून मनोरंजक आहे. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंतीला कळ्या धरतात. जुलैच्या सुमारास लावलेल्या कलमांचे शेंडे ऑगस्टमध्ये खुडले की फुटवे वाढतात, आणि रात्र लांबताच कळ्या येतात. शेवंतीची कुंडी रस्त्यावरील दिव्याच्या थेट उजेडात असेल तर तिच्या दृष्टीने रात्र झालेलीच नसते. कळ्या लांबणीवर पडतात. सेक्टरमधील क्वार्टरच्या कुंपणापाशी ठेवलेली शेवंती फुलत नाही आणि तीच परसदारी फुलते, याचे कारण पुष्कळदा खतात नसून दिव्यात असते. ज्याला हे ठाऊक आहे तो पुढच्या प्रदर्शनात केवळ ‘वा, किती सुंदर’ म्हणून पुढे जात नाही, कुंडीपाशी थांबतो.

एकच बाग वर्षातून तीनदा पाहावी, दहा बागा एकदा पाहू नयेत. साप्ताहिक सुटीचा वार आधी विचारून घ्यावा. राणीच्या बागेला ती बुधवारी असते आणि बाहेरगावाहून आलेली कुटुंबे फाटकावरून परत फिरतात. प्राण्यांना खाऊ घालू नये, फुलास हात लावू नये, हे सांगणे नकोसे वाटते. पण सांगावे लागते.

सेक्टर ६ साठी एक सूचना

इंग्लंडची ती रीत आपल्या वसाहतीस सहज पेलण्यासारखी आहे. जुन्या क्वार्टरांभोवती थोडी तरी जमीन आहे. तीत आंबा, मुनगा, पपई, तुळशीवृंदावन आणि हिवाळ्यात कुंड्यांची ओळ असते. निवृत्त झालेल्या कित्येक गृहस्थांनी आणि गृहिणींनी तीस-तीस वर्षे ही झाडे वाढविली आहेत, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला कुंपणापलीकडचे काही दिसत नाही. एका गल्लीतील पाच-सहा घरांनी मिळून जानेवारीतील एका रविवारी सकाळी नऊ ते बारा फाटके उघडी ठेवावीत. प्रवेश माणशी दहा रुपये, मुलांना मोफत. घर कारखान्याच्या मालकीचे असेल तर नगर सेवा विभागास आधी पत्र द्यावे. घरातील वृद्धांची सोय पाहूनच घरे निवडावीत आणि घराच्या आत कोणी जाणार नाही हे आधीच स्पष्ट करावे.

पैशाची व्यवस्था मात्र पहिल्या दिवसापासून चोख असावी. शेजारधर्म बिघडतो तो बहुधा दहा रुपयांवरूनच. स्थळप्रत राहील असे क्रमांकित पावतीपुस्तक घ्यावे. दुपारी सर्वांदेखत रोकड मोजून दोघांनी सही करावी. रक्कम कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यात ठेवू नये. ज्या नोंदणीकृत संस्थेस ती द्यावयाची आहे तिच्या खात्यात दुसऱ्याच दिवशी भरावी आणि भरणा-पावतीची प्रत गल्लीतील फलकावर लावावी. कोणत्या संस्थेस द्यावी हे पावत्या छापण्यापूर्वी ठरवावे. रुग्णसेवा, वाचनालय किंवा शाळेतील झाडे, काहीही चालेल, पण ते पावतीवर छापलेले असावे.

रविवार जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातील धरला तर शेवंती ओसरू लागलेली आणि डेलिया भरात आलेला असेल. त्यासाठी डेलियाची रोपे ऑक्टोबर संपण्यापूर्वी कुंडीत गेलेली असली पाहिजेत.