‘पे’ दोनदा दाबलं, तर?

फेस्टच्या नोंदणीची शेवटची रात्र. तुम्ही फॉर्म भरता, पाचशे रुपयांसाठी ‘पे’ दाबता आणि स्क्रीनवरचं गोल चक्र फिरतच राहतं. पुन्हा दाबावं तर पैसे दोनदा कापले जाण्याची भीती, न दाबावं तर नोंदणी हुकण्याची!

गंमत म्हणजे, त्या क्षणी तुमचा फोनही तुमच्याइतकाच गोंधळलेला असतो. निरोप सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही, की काम झालं आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं? फोनला दोन्ही सारखंच दिसतं. निरोप हरवू द्यायचा नसेल, तर तो पुन्हा पाठवावाच लागतो. म्हणजे कधी ना कधी तो दोनदा पोचणारच.

मग उपाय? तो घेणाऱ्याकडे असतो. लिफ्टचं बटण दहा वेळा दाबा, लिफ्ट एकदाच येते. कॅन्टीनमध्ये मात्र ‘एक वडापाव’ असं दोनदा ओरडलात, तर दोन वडापाव येतील आणि बिलही दोनाचं. आपली सिस्टिम लिफ्टसारखी हवी. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला पाठवतानाच एक स्वतंत्र क्रमांक द्यायचा. पुन्हा पाठवताना क्रमांक तोच ठेवायचा. सर्व्हर आधी बघतो, हा क्रमांक येऊन गेलाय का? गेला असेल, तर पैसे न कापता जुनंच उत्तर परत. आणि हो, क्रमांकाची नोंद आणि पैशांची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायची. नाहीतर मधेच सर्व्हर बंद पडला, की पुन्हा घोळ!

ग्रेगोर होप आणि बॉबी वूल्फ यांनी २००३ मध्ये ‘एंटरप्राइझ इंटिग्रेशन पॅटर्न्स’ या पुस्तकात अशा ६५ युक्त्या नावानिशी मांडल्या. वरची युक्ती म्हणजे ‘इडेम्पोटंट रिसीव्हर’. आणखी एक ‘डेड लेटर चॅनल’. पोचवताच न आलेला निरोप फेकून न देता बाजूला ठेवायचा, म्हणजे नंतर कुणीतरी तो तपासू शकतं.

फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये पेमेंट किंवा बुकिंग असेल, तर डेमोआधी एवढं कराच. तीच रिक्वेस्ट त्याच क्रमांकाने दोनदा पाठवा, मधेच वायफाय बंद करा आणि डेटाबेसमध्ये किती नोंदी झाल्या ते मोजा. एकच सापडली तर पास!

उद्या तुमचा कोड कुणीतरी महिनाअखेरीला, खात्यात शेवटचे हजार रुपये असताना वापरेल. ते चक्र फिरत असताना त्याला घाम फुटू नये, हे तुमच्या हातात आहे.