वनप्रमाणन : टोरोंटो ते भोपाळ

लाकूड कोणत्या जंगलातून आले आणि तोडीनंतर त्या जंगलाचे काय झाले, हे गिऱ्हाइकाला सांगण्याची भरवशाची सोय 1980 च्या दशकात नव्हती. ॲमेझॉन आणि बोर्निओतल्या तोडीची दृश्ये युरोपात घरोघरी पोहोचली, तेव्हा पहिला उपाय सुचला तो बहिष्काराचा. जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्रिटनमधील अनेक नगरपालिकांनी उष्ण कटिबंधातले लाकूड वापरणे बंद केले. पण या उपायातली खोट लवकरच दिसली. जंगलातल्या लाकडाला भावच उरला नाही, तर जंगल साफ करून तिथे कुरण किंवा मळा करणे मालकाला जास्त परवडते. मग लाकडावर खूण असावी, असा विचार पुढे आला. योकोहामा येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटनेपुढे 1989 मध्ये ब्रिटनकडून तसा प्रस्ताव आला, पण लाकूड विकणाऱ्या देशांनी तो पुढे सरकू दिला नाही.

1992 च्या रिओ परिषदेत जंगलांबाबत बंधनकारक करार होईल अशी आशा होती. हाती आली ती कोणालाच न बांधणारी तत्त्वे. त्याच वर्षी ऑस्ट्रियाने उष्णकटिबंधीय लाकडावर खूण सक्तीची करणारा कायदा केला. मलेशिया आणि इंडोनेशियाने ‘गॅट’ या जागतिक व्यापार कराराखाली दाद मागण्याचा इशारा दिला आणि 1993 मध्ये ऑस्ट्रियाला सक्ती मागे घ्यावी लागली. हे काम सरकारांकडून होणार नाही, हे त्यानंतर कोणाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

ऑक्टोबर 1993 मध्ये टोरोंटोत 26 देशांतले सुमारे 130 प्रतिनिधी जमले आणि फॉरेस्ट स्टीवर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी, स्थापन झाली. तिचे पहिले सचिवालय मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात होते. 2003 मध्ये ते जर्मनीतल्या बॉनला हलले. संस्थेची खरी कल्पकता तिच्या मतदानात आहे. सभासद पर्यावरण, समाज आणि व्यापार अशा तीन गटांत विभागलेले असून तिन्हींना समान मते आहेत. प्रत्येक गटातही श्रीमंत आणि गरीब देशांचा वाटा निम्मा-निम्मा असतो. त्यामुळे कागद कंपनीला एकटीच्या बळावर नियम सैल करता येत नाही आणि निसर्गवाद्यांना ते एकतर्फी आवळता येत नाहीत. 1994 मध्ये मान्य झालेल्या तत्त्वांमध्ये देशाच्या कायद्याचे पालन, जमिनीवरील हक्क, आदिवासींचे अधिकार, कामगारांची सुरक्षा आणि विशेष मोलाच्या जंगलांचे जतन यांचा समावेश होता. लागवडीच्या वनांविषयीचे दहावे तत्त्व 1996 मध्ये जोडले गेले.

गंमत अशी, की पहिले प्रमाणपत्र या तत्त्वांच्याही आधीचे आहे. रेनफॉरेस्ट अलायन्स या संस्थेच्या ‘स्मार्टवूड’ उपक्रमाने 1990 मध्ये ते जावा बेटावरील सागवनांना दिले. ही वने डच अमलापासून आखणी करून वाढवलेली होती आणि त्यांचा कारभार पेरुम पेरहुतानी या सरकारी कंपनीकडे होता. युरोपातल्या बागांमध्ये मांडल्या जाणाऱ्या सागवानी बाकांना त्यामुळे नैतिक दर्जा मिळाला. पण जंगलालगतच्या खेड्यांचा या कंपनीशी जुना झगडा होता. 1998 मध्ये इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांची सत्ता कोसळली आणि देशाला आर्थिक संकटाने गाठले, तेव्हा सागाची उघड लूट सुरू झाली. पहारेकरी आणि गावकरी यांच्यातल्या संघर्षात माणसे मेली. चोरीला गेलेली झाडे हिशेबात धरली, तर मंजूर तोड जंगलाला झेपणारी राहिली नव्हती. 2001 मध्ये प्रमाणपत्र स्थगित झाले. पुढच्या दशकात काही विभागांना ते परत मिळाले. झाडे मोजून जंगल तपासता येते, त्याभोवतीच्या माणसांना वगळून मात्र नाही, हे जावाने दाखवून दिले.

जंगल तपासणे हा या व्यवस्थेचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा कारखान्यात आणि गोदामात चालतो. तोडलेल्या ओंडक्यापासून छापलेल्या वहीपर्यंत माल ज्यांच्या मालकीतून जातो, त्या प्रत्येकाकडे ‘चेन ऑफ कस्टडी’ प्रमाणपत्र लागते. ऑडिटर खरेदीची बिले, कापणीत जाणारी घट आणि विक्रीचे आकडे ताडून पाहतो. प्रमाणित माल आला त्याहून जास्त विकला गेला असेल, तर कुठेतरी दुसरे लाकूड मिसळले आहे. प्रमाणित आणि साधे लाकूड एकत्र वापरलेल्या मालावर ‘एफएससी मिक्स’ अशी खूण असते. त्यातले साधे लाकूड बेकायदा तोडीचे किंवा हक्कभंगाचे नसावे, एवढी खात्री करावी लागते. वहीच्या पाठीवरचे झाडाचे छोटे चित्र पाहणाऱ्याला हा फरक सहसा ठाऊक नसतो.

लहान वनमालकांना ही पद्धत खर्चिक वाटली आणि मोठ्या उद्योगांना जाचक. अमेरिका, कॅनडा आणि मलेशियात स्वतंत्र मानके तयार झाली. 1999 मध्ये युरोपातील वनमालकांनी पॅरिसमध्ये पीईएफसीची स्थापना केली. राष्ट्रीय मानके तपासून त्यांना मान्यता देणारी ही छत्रसंस्था असून ती आज क्षेत्राने एफएससीपेक्षा मोठी आहे. जगातील सुमारे 400 कोटी हेक्टर वनांपैकी प्रमाणित वने थोडीच, आणि त्यातलीही बहुतेक युरोप-उत्तर अमेरिकेतली. ज्या उष्णकटिबंधीय जंगलांसाठी हा खटाटोप सुरू झाला, त्यांचा वाटा सर्वांत लहान राहिला. जिथे नकाशे, पगारी वनरक्षक आणि न्यायालये आधीच होती, तिथे प्रमाणपत्र सहज मिळाले.

संस्थापकांपैकी काहींचा विश्वासही उडाला. ग्रीनपीस इंटरनॅशनल 2018 मध्ये एफएससीतून बाहेर पडली. 2022 मध्ये युक्रेनवरील हल्ल्यानंतर रशिया आणि बेलारूसमधील प्रमाणित लाकडाचा व्यापार एफएससी आणि पीईएफसी या दोन्ही संस्थांनी थांबवला आणि कोट्यवधी हेक्टर क्षेत्र यादीतून उतरले. त्याच वर्षी बालीच्या सर्वसाधारण सभेत एफएससीने 1994 नंतर जंगल तोडून केलेली लागवड बाद धरणारी जुनी अट बदलली. नैसर्गिक जंगल तोडून केलेल्या लागवडीसाठी आता 2020 ही मर्यादा आहे. आधीचे नुकसान भरून दिल्यास कंपनीला दार उघडते. दरम्यान सरकारेही या कामात परतली. अमेरिकेने 2008 मध्ये लेसी कायद्याच्या कक्षेत बेकायदा लाकूड आणले आणि 2023 मध्ये युरोपीय संघाने जंगलतोडीशी जोडलेल्या मालावर बंदीचा कायदा केला.

भारतात तोडीचे गणित ब्रिटिश काळापासून कार्य आयोजनेत, म्हणजे वनविभागाच्या ‘वर्किंग प्लॅन’मध्ये, मांडले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातील 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने तर मंजूर कार्य आयोजनेशिवाय तोड करण्याला मनाई झाली. त्यामुळे बाहेरच्या शिक्क्याची गरज वनखात्यांना फारशी भासली नाही; ती भासली कागद गिरण्यांना आणि मुरादाबाद, सहारनपूरच्या लाकडी वस्तूंच्या निर्यातदारांना. गडचिरोलीतील भामरागड वनविभागाला एफएससीचे, तर उत्तर प्रदेश वन निगमाच्या विभागांना पीईएफसीचे प्रमाणपत्र मिळाले होते. सह्याद्रीत भीमाशंकर भागातील महादेव कोळी संकलकांचा हिरडा-बेहडा ‘फेअरवाइल्ड’ या वेगळ्या मानकाखाली परदेशी कंपन्यांपर्यंत गेला. या मानकात लाकूड नव्हे, तर रानातून गोळा केलेला माल तपासला जातो.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजना जाहीर केली. तिचे संचालन भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे आहे. वनांसाठीचे मानक राष्ट्रीय कार्य आयोजना संहिता 2023 मधूनच घेतले असून त्यात 8 निकष, 69 निर्देशक आणि 254 पडताळणी मुद्दे आहेत. योजना ऐच्छिक आहे. तिच्यात वनव्यवस्थापन आणि चेन ऑफ कस्टडी यांच्या जोडीला वनाबाहेरील झाडांसाठी वेगळे प्रमाणन आहे. कागद आणि प्लायवूडसाठी निलगिरी, सुबाभूळ किंवा पॉप्लर लावणारे शेतकरी या भागात येतात.