बाटलीवरच्या रेघा काय सांगतात?



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागातल्या महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वाड्यांवर आता बऱ्याच घरांत मोबाइल आले आहेत. त्यामुळे व्यसनमुक्तीचा विषय निघाला की तरुण मुले एक प्रश्न हमखास विचारतात. दारूच्या बाटलीवरचा बारकोड मोबाइलवर टिपला, तर आतली दारू खरी की बनावट हे कळेल का?

याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण ते का नाही, हे नीट समजले तर एखाद्याचा जीव वाचू शकतो. म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

बारकोड म्हणजे नाव, हमी नव्हे

काळ्या रेघांखाली सहसा १३ आकडे असतात. सुरुवातीला ८९० असेल तर तो क्रमांक भारतातल्या ‘जीएस१ इंडिया’ या संस्थेकडून घेतलेला असतो. माल भारतातच बनला, असा त्याचा अर्थ होत नाही. मधले आकडे कंपनी आणि वस्तू ओळखण्यासाठी असतात. शेवटचा आकडा बाकीचे आकडे बरोबर वाचले गेले की नाही, हे तपासण्यापुरता असतो.

एकाच मापाच्या, एकाच नावाच्या सगळ्या बाटल्यांवर हा क्रमांक सारखाच असतो. गावात एकाच नावाची चार माणसे असावीत, तसेच हे. नाव कळले म्हणून माणूस कळत नाही. रिकाम्या बाटलीत कोणी दुसरेच काही भरले, तरी बारकोड तोच राहतो आणि मोबाइलही तेच नाव दाखवतो. मोबाइलने ‘बरोबर’ म्हटले म्हणून कोणी निर्धास्तपणे प्यायला, तर खरा धोका तिथेच आहे.

लेबलाची मंजुरी कुठे असते?

महाराष्ट्रात दारूचा कारभार १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली चालतो. विक्रीला येणाऱ्या दारूचे लेबल आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मंजूर करून घ्यावे लागते. अमेरिकेत अशा मंजुरीची नोंदवही सर्वांना इंटरनेटवर खुली आहे. ब्रँडच्या नावाने शोधले की मंजूर लेबलाचे चित्रसुद्धा दिसते. आपल्याकडे एखाद्या लेबलाच्या मंजुरीची माहिती हवी असेल, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली या विभागाकडे अर्ज करता येतो. अर्जात बारकोडबरोबर दारूचे नाव, उत्पादकाचे नाव आणि बाटलीचे माप लिहावे. मात्र अशी मंजुरी लेबलाच्या कागदाला असते. तुमच्या हातातल्या बाटलीत काय आहे, हे ती सांगत नाही.

लेबलावर काय पाहावे?

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे दारूविषयीचे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. त्यानुसार लेबलावर मद्यार्काचे प्रमाण, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, १४ आकडी परवाना क्रमांक आणि आरोग्याला अपाय होतो असा इशारा असावा लागतो. परवाना क्रमांक प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते दिसते. क्रमांक एकाचा आणि पत्ता दुसऱ्याचा निघाला, तर संशय घ्यावा. बाटलीवर गोव्यात विक्रीसाठी असे छापलेले असेल आणि ती आपल्या गावात विकली जात असेल, तर ती चोरट्या मार्गाने आलेली असण्याची शक्यता मोठी. झाकण उघडून पुन्हा बसवलेले दिसले, लेबल वाकडे किंवा दुसऱ्यांदा चिकटवलेले वाटले, तरी बाटली दूर ठेवावी.

संशय आला तर बाटली फेकू नका आणि चाखून तर मुळीच पाहू नका. लेबलाचा, झाकणाचा आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढा. राज्य उत्पादन शुल्क विभागाला किंवा ११२ वर पोलिसांना कळवा. तक्रारीत बॅच क्रमांक असला की तपासाला धागा मिळतो. घरातल्या रिकाम्या बाटल्या भंगारात देण्याआधी त्यांची लेबले खरवडून टाका, म्हणजे बनावट माल भरणाऱ्याला तयार बाटली मिळणार नाही.

लेबल नसलेली दारू

हातभट्टीच्या दारूला तर लेबलही नसते आणि बारकोडही नसतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पांगरमल गावी निवडणुकीच्या जेवणावळीत बनावट दारूने अनेकांचा बळी घेतला.

अशा दारूत बहुधा मिथेनॉल असते. त्याचा रंग, वास, चव यांवरून ते ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि त्याचा घाला डोळ्यांच्या नसेवर पडतो. लक्षणे बारा ते चोवीस तासांनीही दिसू शकतात. आधी पोटात दुखते, उलट्या होतात, धुरकट दिसू लागते, मग धाप लागते. लोक याला ‘उतारा लागेल, झोपू द्या’ म्हणतात. झोपू देऊ नका. लगेच १०८ वर रुग्णवाहिका बोलवा आणि काय प्यायले ते डॉक्टरांना न लपवता सांगा. वेळेत उपचार मिळाले तर माणूस वाचतो, डोळेही वाचू शकतात. आहुपे किंवा नाणेघाटाकडच्या वाडीवरून घोडेगाव, मंचर वा जुन्नरच्या रुग्णालयात पोचायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या लक्षणालाच निघायला हवे.

एक अधिकार मात्र आपल्या हातात आहे. या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने दारूवर बंदी किंवा निर्बंध घालण्याच्या कामी ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. बाटलीच्या रेघा वाचायला मोबाइल पुरतो, पण गावात बाटली येऊ द्यायची की नाही, हे ग्रामसभेत हात वर करूनच ठरते. पुढच्या ग्रामसभेला आयाबहिणींना बरोबर घेऊन जा, आणि हा अंक वाचून झाला की शेजारच्या घरी द्या.