गाडी हवी, पण कशासाठी?

मधल्या सुट्टीत आमच्या चौथीतला एक मुलगा धावतच आला. म्हणाला, "बाई, आमच्याकडं गाडी घ्यायचं चाललंय! चारचाकी! पहिलीच!"

"अरे वा! मग तोंड असं का रे?"

"रोज रात्री भांडणं हुत्यात. पप्पांना मोठी जीपगाडी पायजे. काकाला वरचं छत उघडणारी पायजे. आई सारखी इचारते, हप्ता किती? आणि मला लाल रंगाची पायजे."

"आणि आजीला?"

तो जरा घुटमळला. "आजीला कुणी इचारलंच न्हाई."

गंमत बघा, मुलांनो. गाडी घ्यायचं निघालं ते आजीमुळेच! तिचे गुडघे दुखतात. महिन्यातून दोनदा तिला कराडजवळच्या गावातून मिरजेच्या दवाखान्यात न्यावं लागतं. आधी वडाप, मग एसटी, मग रिक्षा. पण शोरूममधल्या चकचकीत गाड्या बघितल्या आणि आजीच बाजूला राहिली!

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला आम्ही 'गाडी' हाच विषय घेतला. सुरुवात केली एका खऱ्या गोष्टीने.

सांगली जिल्ह्यात, सागरेश्वर अभयारण्याच्या शेजारी देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ साली इथेच झाला. याच गावातल्या दत्तात्रय लोहार यांनी आपल्या मुलाची हौस भागवायला चक्क घरी गाडी तयार केली. जुन्या, टाकाऊ गाड्यांचे भाग जमवले, जोडले, आणि छोटी जीप उभी केली. खर्च आला सुमारे साठ हजार रुपये. गाडी सुरू कशी व्हायची, माहीत आहे? मोटारसायकलसारखी किक मारून!

डिसेंबर २०२१ मध्ये या जीपची चित्रफीत आनंद महिंद्रा यांनी पाहिली. त्यांनी कौतुक तर केलंच, पण हेही सांगितलं, की ही गाडी नियमांत बसत नाही. आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल. ती आम्हाला द्या आणि बदल्यात नवी बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली.

वर्गात लगेच प्रश्न आला, "बाई, गाडी चांगली चालत हुती, मग अडवायची कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. पण गाडी नुसती चालून भागत नाही, ती वेळेवर थांबावीही लागते. ब्रेक, दिवे, पट्टे, धूर या सगळ्याची तपासणी झाल्याशिवाय कुठल्याही नमुन्याची गाडी विकता येत नाही. मग आरटीओकडे नोंदणी होते आणि नंबर मिळतो. सातारा एमएच-११, सांगली एमएच-१० आणि कराड एमएच-५०. शिवाय विमा लागतो. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, तर भरपाई कोण देणार? म्हणून हा विमा सक्तीचा आहे.

आता वह्या काढा. पहिला प्रश्न: गाडीत कोण बसणार आणि कुठे जाणार? या घरात माणसं पाच. रस्ता डांबरी, शेवटी थोडी ऊसाच्या रानातली वाट. गुडघे दुखणाऱ्या आजीला उंच गाडीत चढवत नाही आणि फार खोल सीटवरून उठवत नाही. म्हणजे मधल्या उंचीची सीट हवी. बघा, एका प्रश्नात निम्म्या गाड्या यादीतून गेल्या!

दुसरा प्रश्न: किंमत किती? शोरूममध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलेली किंमत अपुरी असते. तिच्यात रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा मिळवायचा. गाडी दारात येईपर्यंत किती लागतील, ते कागदावर लिहून मागायचं.

तिसरा प्रश्न आईचा: हप्ता किती? व्याजाचं सूत्र मोठ्या वर्गातलं, म्हणून हप्त्याचे आकडे मी फळ्यावर लिहिले. गुणाकार मुलांनी केला. चार लाखांचं कर्ज, व्याज वर्षाला ९ टक्के धरू. पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याला ८,३०३ रुपये. सात वर्षांत फेडायचं तर ६,४३६.

"सात वर्षं बरी!" सगळा वर्ग ओरडला.

"गुणून बघा."

८,३०३ गुणिले ६० म्हणजे ४,९८,१८०. ६,४३६ गुणिले ८४ म्हणजे ५,४०,६२४. वर्ग एकदम शांत! हप्ता लहान दिसला, पण एकूण ४२,४४४ रुपये जास्त गेले.

चौथा प्रश्न: पेट्रोल किती पिणार? मिरजेला जाऊन-येऊन १५० किलोमीटर धरले, तर दोन फेऱ्यांचे ३००. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी १५ लिटर पिईल, १५ किलोमीटर देणारी २० लिटर. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलं, तर महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० रुपयांचा फरक.

पाचवा प्रश्न मी विचारला: गाडी धडकली तर? १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात 'भारत एनकॅप' ही चाचणी सुरू झाली. गाडीत बाहुले बसवून ती मुद्दाम आदळतात आणि बाहुल्यांना किती मार बसला ते मोजतात. मग जास्तीत जास्त पाच तारे देतात; मोठ्यांसाठी वेगळे, मुलांसाठी वेगळे. पालकहो, छत उघडतं का हे विचारण्याआधी तारे किती ते विचारा. आणि तारे कितीही असोत, पट्टा बांधला नाही तर उपयोग काय? पट्टा मागे बसणाऱ्यांनीही लावायचा. मुलांना मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर तर मुळीच बसू नका.

"बाई, जुनी गाडी घेतली तर?" एका मुलीने विचारलं.

घ्यावी की! पण पारखून. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला होता. पुरात बुडालेली गाडी धुऊन पुसून नव्यासारखी दिसते, पण तिच्या तारा आतून गंजत जातात. म्हणून सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघायचा; टोकाला चिखलाचे डाग आहेत का? पायाखालचा गालिचा उचलायचा. कुबट वास येतो का? सीटखालच्या लोखंडाला गंज आहे का? ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर न्यायचं आणि आरसी बुकावर आपलं नाव चढवायला विसरायचं नाही.

तो मुलगा वही घेऊन घरी गेला. चार दिवसांनी आला तो हसतच. "बाई, दसऱ्याला गाडी न्हाई घेत. पाडव्याला घेणार! आजोबा म्हणाले, ऊसाचं बिल येऊ द्या. एक लाख जास्त रोख भरू, मग कर्ज तीनच लाख."

आम्ही पुन्हा फळ्याकडे वळलो. तीन लाखांना पाच वर्षांचा हप्ता ६,२२८ रुपये. म्हणजे सात वर्षांच्या त्या हप्त्यापेक्षाही कमी! आणि व्याजाचे २४,५०० रुपये वाचले. नुसतं सहा महिने थांबल्यामुळे!

पाडवा झाला. सोमवारी मी विचारलं, "काय रे, आली का गाडी?"

"आली बाई. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आजीनं ओवाळलं."

"मग? लाल का?"

"न्हाई. पांढरी." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पण आजी एकटी चढली. कुणी हात द्यावा लागला न्हाई."