काढलेल्या गाठीचं पुढे काय होतं?

‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की रत्नागिरीत पुढचं विचारावं लागत नाही. मशेरी, तंबाखूचा बार, न भरणारा चट्टा आणि मग परळ. ऑपरेशन झालं, गाठ काढली, इथपर्यंत घरोघरी सांगतात. त्या गाठीचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. मला मात्र या प्रश्नाने वर्षानुवर्षं सोडलेलं नाही, आणि त्याचा माग काढताना मी पुन्हा पुन्हा कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे यांच्यापाशी येऊन थांबतो.

परळचं टाटा कर्करोग रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४४ मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. कमलताई त्यांच्या शिष्या. पुण्याच्या समर्थांची ही मुलगी हुजूरपागेत शिकली, सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर एम.एस्सी. केलं आणि १९४९ मध्ये खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी. मिळवली. पुढे शिष्यवृत्तीवर बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकल्या, म्हणजे शरीराबाहेर काचेत पेशी जगवण्याचं तंत्र. परतल्यावर परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

गे यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढू लागल्या आणि थांबल्याच नाहीत. त्या ‘हेला’ नावाने जगभर गेल्या. गे यांनी त्यांचे पैसे घेतले नाहीत, पण हेन्रिएटालाही कुणी विचारलं नव्हतं. ती त्याच वर्षी वारली. घरच्यांना हे सगळं १९७०च्या दशकात कळलं आणि त्या पेशींवर नफा कमावणाऱ्या एका कंपनीशी तडजोड व्हायला २०२३ उजाडलं. विज्ञानाचं भलं झालं म्हणून न विचारण्याचा दोष धुऊन निघतो, असं मला वाटत नाही.

दिलेल्या तुकड्याचं मोल किती, ते २०१३ मध्ये दिसलं. हिरडी आणि गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग, आपल्याकडच्या तंबाखूचा खास आजार, भारतीय संशोधकांनी ११० रुग्णांच्या नमुन्यांवरून जनुकांच्या पातळीवर वाचला. त्यात या रोगाशी आधी न जोडलेली काही जनुकं सापडली. गाठीसोबत रुग्णाचं रक्तही लागतं, कारण जन्मजात काय आणि गाठीत नंतर बिघडलं काय, हे ताडून पाहावं लागतं. निदानाला हवा तेवढा भाग पॅथॉलॉजिस्ट आधी बाजूला काढतो, उरलेल्यातला तुकडा संशोधनाला जातो. तो झटपट द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना गोठवतात. उशीर झाला की आतला आरएनए नासू लागतो.

आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नमुना देणाऱ्याचाच राहतो, तो साठवणारी पेढी (बायोबँक) केवळ विश्वस्त. संमती मागे घेता येते. नकार दिला म्हणून उपचारात कसूर करता येत नाही. कागदावर हे चोख आहे. पण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सह्यांच्या गठ्ठ्यात हाही कागद आला, तर घाबरलेली बाई मुलाकडे बघते, मुलगा ‘कर गो आये’ म्हणतो आणि अंगठा उठतो. ही स्वखुशी नव्हे.

विचारणा आधी, रत्नागिरीतच व्हावी, गाठीचा पहिला तुकडा तपासायला घेतात तेव्हा. गावची परिचारिका त्या बाईला तिच्याच बोलीत सांगू शकते : काय घेणार, कुठे ठेवणार, कशाला वापरणार. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस तिच्या हाताशी असतात, घरात चार माणसांशी बोलून मग हो किंवा नाही सांगायला.