जुन्या जीपची दुसरी पेटी

जुनी जीप घेणारा मनुष्य तिचे इंजिन ऐकतो, टायर पाहतो, पत्र्यावरून हात फिरवतो. परंतु गिअरबॉक्सच्या मागे बसविलेल्या ट्रान्स्फर केसकडे त्याचे क्वचितच लक्ष जाते. पुढे घाटात ती पेटी घरघरू लागली, की ‘दुसरी बसवून टाका’ असे सांगून तो मोकळा होतो. ही अदलाबदल दिसते तितकी सरळ नाही. ती का, हे आम्हांला येथे पाहावयाचे आहे.

या पेटीची कामे दोन. गिअरबॉक्समधून आलेली शक्ती ती पुढच्या व मागच्या ॲक्सलांकडे पोचविते, आणि गरज पडेल तेव्हा वेग घटवून ओढ वाढविते. १९४५ साली नागरी वापरासाठी निघालेल्या विलिस सीजे-२ए जीपचा हिशेब घ्या. पहिला गिअर २.८०, पेटीचा ‘लो’ २.४३ आणि ॲक्सल ५.३८. यांचा गुणाकार सुमारे साडेछत्तीस. म्हणजे इंजिनाचे साडेछत्तीस फेरे होतात तेव्हा चाकाचा एक. चिखलात रुतलेली गाडी निघते ती या गुणाकाराच्या बळावर.

या जीपमधील पेटी ‘स्पायसर १८’ नावाची. तिच्यातून पुढे व मागे जाणारे दोन्ही शाफ्ट उजव्या बाजूने निघतात. म्हणून मागच्या ॲक्सलचे डिफरन्शिअलही उजवीकडे असते. १९६० नंतरच्या दशकात आलेल्या ‘स्पायसर २०’ मध्ये मागचा शाफ्ट मधोमध निघतो. साध्या चालीत तिच्यातून शक्ती सरळ पुढे जाते, दातेरी चाकांचा फेरा पडत नाही, म्हणून आवाज कमी. हा गुण पाहून पुष्कळांना ती बसविण्याचा मोह होतो. परंतु जुना ॲक्सल तसाच ठेवला, तर मागचा शाफ्ट तिरका राहतो, गाडी थरथरते आणि जॉइंट लवकर झिजतात. शिवाय तिचा ‘लो’ साधारण २.०३, वरचा साडेछत्तीसचा गुणाकार साडेतीसवर उतरतो. शांतता मिळाली, पण ओढ गेली!

मग जुन्याच जातीची पेटी घ्यावी काय? घ्यावी, पण मोजून. ‘१८’ मधील मधल्या गिअरचा दांडा आरंभी पाऊण इंचाचा होता, पुढे तो सव्वा इंचापर्यंत जाड झाला. तसेच पेटीला फिरविणारे दातेरी चाक गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते. त्याचे दाते नव्या पेटीशी जुळलेच पाहिजेत. नाव एक म्हणून भाग एक, असे यंत्राच्या बाबतीत धरून चालत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो, तो पेटीच्या मागच्या तोंडाशी असतो. दोन्ही शाफ्ट सोडले, की हातब्रेक ओढलेला असो वा गाडी गिअरमध्ये असो, चाके मोकळी झाली. जमीन उताराची असेल, तर खाली निजलेल्या मिस्त्रीच्या अंगावरून गाडी जावयास क्षणही लागणार नाही. म्हणून जागा सपाट हवी आणि पहिला बोल्ट सैल करण्यापूर्वी चारही चाकांना पुढूनमागून ठोकळे हवेत.

मुंबईत विलिसच्या परवान्याने महिंद्रांनी जोडलेल्या व पुढे बनविलेल्या जीपगाड्यांमुळे ही पेटी आपल्याकडच्या मिस्त्रींच्या हाताखालून पुष्कळ गेली आहे. जाणता मिस्त्री नवी पेटी मागविण्याआधी जुनी उघडून पाहतो. पुष्कळदा दोष एखाद्या बेअरिंगचा किंवा झिजलेल्या दांड्याचा निघतो, आणि सबंध पेटीचा खर्च वाचतो.