निशिगंध : नाव आणि लागवड



वेदी सजविताना आपण निशिगंध वापरतो. लिहिताना मात्र पुष्कळजण 'निशीगंध' लिहितात. संस्कृतात 'निशि' म्हणजे रात्री, म्हणून 'शि' ऱ्हस्व. रात्री ज्याचा सुगंध अधिक दरवळतो, तो निशिगंध. यालाच गुलछडी म्हणतात. गुल म्हणजे फूल.

हे झाड मूळचे मेक्सिकोचे. इंग्रजी 'ट्यूबरोज' नावात गुलाब नाही. मूळ लॅटिन शब्द 'तुबेरोसा', म्हणजे गाठी असलेली. लागवडीची रीत या नावातच आहे : गुलाबासारखी फांदी न लावता निरोगी कंद लावावेत. पाणी साचल्यास कंद कुजतात, म्हणून निचऱ्याची जमीन निवडावी. हारांसाठी एकेरी, फुलदाणीसाठी दुहेरी जात घ्यावी. कंद खाण्याचे नव्हेत. मुलांपासून दूर ठेवावेत.